नौपाड्यातला डीटीपीचा (संगणकावरच्या छपाई-जुळणीचा) लॅपटॉप: स्टार्टअप मेनू दुरुस्तीच्या नोंदी

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. काकांचा गाळा, नौपाडा

यंत्र: २०१७ सालचा लॅपटॉप, सातव्या पिढीचा इंटेल आय-५, ८ जीबी रॅम. मूळची १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. दिवाळीआधी दुरुस्तीच्या दुकानात २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घेतली आणि तिच्यावर विंडोज १० नव्याने टाकून घेतलं. हार्ड डिस्क आतच ठेवलेली आहे, मी पूर्वी टाकलेलं उबुंटू (मोफत लिनक्स सिस्टिम) तिच्यावरच आहे.

काकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "अगं, चालू केला की निळ्या पडद्यावर दोनदा विंडोज १० येतं. वरचं दाबलं तर उघडतं, खालचं दाबलं तर गोल फिरत बसतं. आणि तू टाकून दिलेलं उबुंटू कुठे दिसतच नाही. मेल बघायची कशी?"

दोन्ही सिस्टिम का लागतात हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. काकांची वीस-पंचवीस वर्षांची कामं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये आहेत. पत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका, सगळं. त्या फाइली विंडोजवरच, डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) लावूनच उघडतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैसे किंवा खातं जोडून सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, पण तीही तात्पुरतीच सोय. विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीतले मोजकेच प्रोसेसर अपवाद म्हणून घेतले आहेत, आणि हा त्यांत नाही. म्हणून आमचं ठरलेलं असं: विंडोज फक्त डीटीपीसाठी, नेट बंद. मेल, व्हॉट्सॲप, बँक हे सगळं उबुंटू २४.०४ वर. गिऱ्हाईक मजकूर आणि फोटो मेलवर पाठवतं, ते उबुंटूत उतरवायचे, विंडोजच्या 'काम' फोल्डरात टाकायचे, मग विंडोज चालू करून जुळणी करायची आणि बटर पेपरवर प्रिंट काढायची. मेनू बिघडला की ही साखळीच तुटते. तुळशीची लग्नं नुकतीच झाली आहेत, म्हणजे पत्रिकांचा हंगाम दारात उभा आहे.

आज काहीही बदललं नाही, आणि हे मुद्दाम. निळ्या मेनूचा, फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. काकांचं सगळं काम बाहेरच्या डिस्कवर उतरवलं आणि त्यातल्या वेगवेगळ्या वर्षांच्या फाइली काकांकडूनच उघडून घेतल्या. कॉपी झाली एवढ्यावर मी थांबत नाही, फाइल उघडली पाहिजे. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू आहे का तेही पाहिलं. चालू असताना बूटच्या क्रमाला हात लावला तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती की कुणाकडे आहे हे बहुतेकांना तेव्हाच आठवायला लागतं. इथे बंद आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून उबुंटू थेट चालतं) लावून तपासणी. चालू होताना एफ-१२ दाबल्यावर येणाऱ्या यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी यूईएफआय (यंत्र चालू करण्याची नवी पद्धत) लिहून आणि एकदा नुसता. यूईएफआयवालाच निवडायचा. दुसरा निवडला तर सगळं जुन्या बायोस पद्धतीने चालू होतं आणि मग केलेली दुरुस्ती भलत्याच जागी जाऊन बसते. खात्री करायची सोपी खूण: चालू झाल्यावर सिस्-फर्मवेअर खाली ईएफआय नावाचं फोल्डर आहे का बघायचं. आहे.

आता मुख्य गोष्ट. स्टार्टअप मेनू म्हणून आपण ज्याला एकच वस्तू समजतो, त्या खरं तर तीन वेगवेगळ्या याद्या आहेत आणि त्या तीन वेगवेगळ्या जागी राहतात. पहिली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, फर्मवेअरची: कुठल्या डिस्कच्या कुठल्या विभागातली कुठली फाइल आधी उघडायची याचा क्रम. दुसरी जागा डिस्कवरचा ईएफआय विभाग, फॅट३२ मध्ये आखलेला. त्यात प्रत्येक सिस्टिमचं फोल्डर आणि चालू करणारी फाइल असते. तिसरी यादी त्या फाइलने दाखवलेला मेनू: विंडोजचा असेल तर बीसीडी नावाच्या साठ्यातून, उबुंटूचा असेल तर ग्रबच्या कॉन्फिगमधून. नव्याने सिस्टिम टाकली की यातली एखादी यादी बदलते, बाकीच्यांना पत्ताच नसतो. बहुतेक गोंधळ या तीन याद्यांच्या एकमेकींशी न जुळण्याचा असतो. काही 'उडालेलं' नसतं.

ईएफआयबूटएमजीआर (फर्मवेअरची यादी बघण्या-बदलण्याची आज्ञा) तपशिलासह चालवून फर्मवेअरची यादी काढली. सारांश असा:

बूट०००१: विंडोज बूट मॅनेजर. हार्ड डिस्क, विभाग १.
बूट०००३: नेटवर्क.
बूट०००२: उबुंटू. हार्ड डिस्क, विभाग १.
बूट०००४: डेबियन. कुठल्याच विभागाशी न जुळणारा ओळख क्रमांक.

डेबियन ही दुसरी लिनक्स सिस्टिम मी कधीकाळी करून पाहिली होती. विभाग केव्हाच पुसला, पण सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव सोसायटीच्या पाटीवर राहतं तसं ते राहिलं आहे.

उबुंटू जागेवरच आहे. ईएफआय विभागात त्याचं फोल्डर शाबूत, शिम (सही तपासून ग्रब उघडणारी) आणि ग्रब (उबुंटूचा मेनू) दोन्ही फाइली आत. एफ-१२ दाबून उबुंटू निवडलं, ग्रब आलं, मागोमाग लॉगिन आलं. विंडोज टाकताना विंडोजने स्वतःला पहिला नंबर दिला आणि उबुंटू मागे गेलं, एवढंच. काकांना लगेच मेल उघडून दिली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा तिथेच उतरला. तोवर एफ-१२ ने काम चालवा म्हटलं.

दोन विंडोजचंही कारण मिळालं. इन्स्टॉलरने नवं विंडोज जुन्याच बीसीडीत पहिल्या जागी लिहिलं आणि हार्ड डिस्कवरचं जुनं दुसऱ्या जागी तसंच ठेवलं. हा घोळ एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या टॅबमध्ये जुनी नोंद पुसली तरी मिटतो. पुष्कळ जण तिथेच थांबतात, मीही थांबले असते, जर पुढची गोष्ट दिसली नसती.

एलएसबीएलके आज्ञेने एसएसडीचे विभाग काढले: १६ एमबीचा राखीव, मग विंडोज, मग रिकव्हरी. ईएफआय विभाग नाहीच! यंत्रात आधीपासून ईएफआय विभाग असलेली दुसरी डिस्क सापडली की विंडोजचा इन्स्टॉलर तोच वापरतो, नव्या डिस्कवर दुसरा करत नाही. म्हणजे विंडोज पूर्ण एसएसडीवर, आणि त्याला चालू करणारी फाइल हार्ड डिस्कच्या १०० एमबीच्या विभागात. त्याच हार्ड डिस्कचा स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीचा) अहवाल काढला तर बदलून टाकलेले सेक्टर वाढलेले, आणि वाचायला अडणारे 'पेंडिंग' सेक्टरही शून्य नाहीत. ही डिस्क ऐन हंगामात बंद पडली, तर नवीकोरी एसएसडी आत असूनही लॅपटॉप चालू होणार नाही.

काकांना तसं स्पष्ट सांगितलं. "म्हणजे घर नवं आणि किल्ली जुन्या घरात?" असं विचारलं त्यांनी. हो, तसंच.

तेव्हा कामाचं स्वरूप बदललं. मेनूतली नावं नीट करणं हे शेवटचं, आधी दोन्ही सिस्टिम एसएसडीवरूनच चालू झाल्या पाहिजेत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. रात्री

ऐरोलीहून परतताना गाडीत क्रम ठरवला. ऑफिसात एका सहकाऱ्याचं मत पडलं की सगळं पुसून पहिल्यापासून टाक, दोन तासांचं काम. मला ते पटत नाही. त्या विंडोजवर दुकानदाराने आणि काकांनी मिळून डोंगलचा ड्रायव्हर, जुन्या लेसर प्रिंटरची बटर पेपरची सेटिंग्ज, शेकडो फॉण्ट असं सगळं पुन्हा उभं केलेलं आहे. ते पुसण्यासारखं काही बिघडलेलंच नाही. शिवाय हार्ड डिस्क आत असताना पुन्हा टाकलं तर इन्स्टॉलर पुन्हा तेच करणार.

क्रम: आधी विंडोजसाठी एसएसडीवर ईएफआय विभाग. मग उबुंटू हार्ड डिस्कवरून एसएसडीवर हलवणं. मग हार्ड डिस्क बाहेर. मग फर्मवेअरमधली मेलेली नावं पुसणं. मेनू सगळ्यात शेवटी. यातल्या कुठल्याही पायरीवर अडकलं तरी आधीच्या वाटेने लॅपटॉप चालू व्हायला हवा, म्हणून हा क्रम.

सिक्युअर बूट (सही नसलेल्या बूट फाइली अडवणारी सोय) चालूच ठेवणार. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जुनं शिम असलेली कित्येक दुहेरी यंत्रं 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' दाखवून बंद पडली होती आणि तेव्हापासून सिक्युअर बूट बंद करून टाका हा सल्ला सर्रास दिला जातो. उबुंटूचं शिम अद्ययावत असेल तर त्याची गरज पडत नाही. इथलं अद्ययावत आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

विंडोजची बाजू.

सुरुवात फास्ट स्टार्टअप बंद करण्यापासून, पॉवरसीएफजीने हायबरनेशनच काढून टाकून. हे दोन कारणांसाठी. फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नल डिस्कवर झोपवून ठेवतं. मग उबुंटूला तो विभाग फक्त वाचता येतो, त्यात फाइल टाकता येत नाही. काकांची अर्धी कार्यपद्धती मेलमधली फाइल 'काम' फोल्डरात टाकण्यावर उभी आहे, तेव्हा हे बंद असलंच पाहिजे. दुसरं कारण आज प्रत्यक्ष दिसलं: डिस्क मॅनेजमेंट सी ड्राइव्ह फारसा आखडू देत नव्हतं, हायबरनेशनची फाइल गेल्यावर पुरेशी जागा मोकळी झाली. २५६ जीबीची डिस्क विंडोज २३८ दाखवतं. त्यातले १५० विंडोजला ठेवले.

मग डिस्कपार्ट, विंडोजचं विभाग आखायचं साधन. एसएसडी निवडली, निवडण्याआधी आकार पाहिला, आणि निवडल्यावर पुन्हा पाहिला, कारण डिस्कपार्ट दुसऱ्यांदा विचारत नाही. मोकळ्या जागेत ५१२ एमबीचा ईएफआय विभाग, फॅट३२, अक्षर एस. १०० एमबीवरही भागतं, पण एकाच विभागात दोन सिस्टिम आणि पुढेमागे फर्मवेअरची अपडेट यायची, तर थोडी ऐसपैस जागा बरी.

त्यानंतर बीसीडीबूट (बूट फाइली तयार करणारी आज्ञा): मूळ सी-विंडोज, ठिकाण एस, प्रकार यूईएफआय. "बूट फाइली तयार झाल्या" असा संदेश आला.

इथे बऱ्याच जणांची फसगत होते, म्हणून सविस्तर लिहिते. बीसीडीबूटला ठिकाण स्वतः सांगितलं की ते फाइली तिथे ठेवतं, पण फर्मवेअरच्या यादीत नवी नोंद करत नाही. ते गृहीत धरतं की फर्मवेअर ईएफआय-बूट फोल्डरातली ठरावीक नावाची पर्यायी फाइल शोधून काढेल. त्यामुळे लॅपटॉप नुसता बंद-चालू केला तर पूर्वीसारखाच हार्ड डिस्कवरून उघडतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. म्हणून मागचं झाकण उघडून हार्ड डिस्कची पट्टी काढली आणि मग चालू केला. विंडोज उघडलं, तेही निळा मेनू न येता, कारण नव्या बीसीडीत एकच नोंद आहे. हीच खरी परीक्षा.

पट्टी परत जोडली. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ईएफआयबूटएमजीआरने फर्मवेअरमध्ये नवी नोंद केली: एसएसडी, विभाग ४, फाइल ईएफआय-मायक्रोसॉफ्ट-बूट मधली बूटएमजीएफडब्ल्यू. नाव दिलं 'विंडोज एसएसडी'. नाव मुद्दाम वेगळं, म्हणजे जुन्या 'विंडोज बूट मॅनेजर'पासून लगेच ओळखू यावं. फाइलच्या वाटेत उलट्या तिरक्या रेघा लागतात आणि त्या अवतरणचिन्हांत ठेवाव्या लागतात, नाहीतर टर्मिनल त्या गिळून टाकतं.

काका मागून बघत होते. मध्येच एक गिऱ्हाईक मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आलं. लॅपटॉप उघडा पडलेला बघून त्यांचा चेहरा उतरला. काकांनी त्यांना बाहेरच्या डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर प्रूफ दाखवलं. आठ तारखेची ती कॉपी अशी कामी आली.

रविवार, १६ नोव्हेंबर

उबुंटू हलवणं. नव्याने टाकण्याऐवजी आहे तसंच उचललं, कारण काकांची मेल, पासवर्ड, प्रिंटर सगळं त्यात आहे.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून एसएसडीच्या उरलेल्या जागेत एक्स्ट४ (लिनक्सच्या पद्धतीचा) विभाग केला, जुना आणि नवा दोन्ही माउंट केले (जोडले), आणि आरसिंक आज्ञेने परवानग्या, दुवे, विशेष गुणधर्मांसकट कॉपी केली. वाचता न आलेली एकच फाइल निघाली, ब्राउझरच्या कॅशमधली. तिची गरज नाही. पण हार्ड डिस्क खरंच निकामी होत चालली आहे याचा तो पुरावा.

आता एफएसटॅब. या फाइलीत कुठला विभाग कुठे जोडायचा ते लिहिलेलं असतं, आणि विभाग ओळखायचा तो नावाने नाही, यूयूआयडीने, म्हणजे त्याच्या खास ओळख क्रमांकाने. नवा विभाग म्हणजे नवा यूयूआयडी. बीएलकेआयडी (हे क्रमांक दाखवणारी आज्ञा) एका खिडकीत आणि एफएसटॅब दुसऱ्या खिडकीत ठेवून तिन्ही ओळी तपासल्या. रूटची ओळ लांबलचक क्रमांकाची, ती बदलली. ईएफआयची ओळ छोटी. फॅट३२ चा क्रमांक चार-डॅश-चार एवढाच असतो, तो इथे ७सी३ए-१एफ०४. तीही बदलली. ही चुकली तर उबुंटू चालू होताना इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडतं आणि वापरणाऱ्याला काळ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. तिसरी ओळ हार्ड डिस्कवरच्या स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायच्या) विभागाची. ती काढून टाकली आणि एसएसडीवर स्वॅप फाइल केली. स्वॅपची जुनी ओळ राहिली की सिस्टिम त्या गेलेल्या विभागाची ९० सेकंद वाट बघत थांबते, मग पुढे जाते. लोक याला 'लॅपटॉप स्लो झाला' म्हणतात आणि रॅम वाढवायला जातात. इनिट्रॅमएफएसच्या (उबुंटू उघडण्याआधी चालणाऱ्या छोट्या सिस्टिमच्या) सेटिंगमध्ये रिझ्यूमसाठी तोच जुना क्रमांक लिहिलेला असतो, तोही काढून इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवायचं.

मग सीएचरूट, म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्हवरून हलवलेल्या उबुंटूच्या आत शिरणं. डेव्ह, प्रॉक, सिस्, रन हे चारही नव्या रूटखाली जोडले. सिस् जोडताना साधं बाइंड न करता आतल्या माउंटसकट करावं लागतं, कारण फर्मवेअरची यादी ज्या ईएफआयव्हार्स मधून लिहिली जाते ते सिस् च्या आत वेगळं माउंट असतं. ते राहिलं की ग्रब-इन्स्टॉल म्हणतं, या यंत्रावर ईएफआय व्हेरिएबल नाहीतच. आणि माणूस फर्मवेअरला दोष देत बसतो.

ग्रब-इन्स्टॉल बिनतक्रार झालं. अपडेट-ग्रबने मात्र इशारा दिला की ओएस-प्रोबर (इतर सिस्टिम शोधणारं साधन) चालवणार नाही. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब इतर सिस्टिम आपणहून शोधत नाही, सुरक्षेच्या कारणासाठी ते बंद ठेवलेलं आहे. एटसी-डीफॉल्ट-ग्रब मध्ये त्याची ओळ असते, तिच्यापुढचं चिन्ह काढून 'फॉल्स' ठेवलं आणि पुन्हा चालवलं. विंडोज सापडलं, दोनदा: एकदा हार्ड डिस्कवरचं, एकदा एसएसडीवरचं. हार्ड डिस्क आत आहे तोवर हे असंच दिसणार.

पुन्हा चालू केला, तर सरळ विंडोज! ईएफआयबूटएमजीआरने पाहिलं: मी उबुंटू पहिलं ठेवलं होतं, आता पहिलं परत 'विंडोज बूट मॅनेजर', हार्ड डिस्कवरचं. या लॅपटॉपचं फर्मवेअर चालू होताना त्या नावाची नोंद शोधतं आणि वर आणून ठेवतं. काही कंपन्यांची यंत्रं असं करतात. उपाय दोन: विंडोजच्याच बीसीडीला ग्रबची फाइल दाखवणं, किंवा ती नोंद जिच्या आधारावर उभी आहे तो विभागच यंत्रातून जाणं. पहिला उपाय मला आवडत नाही. पुढे कुणी विंडोजची दुरुस्ती केली की तो निघून जातो आणि मग असं का होतंय याचा माग काढणं फार अवघड. हार्ड डिस्क तशीही जाणारच आहे.

तोवर एफ-१२.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काकांचा फोन. विंडोजमध्ये घड्याळ मागे पडतंय, दुपारी चार वाजता सकाळचे साडेदहा दाखवतंय आणि चलनावर तीच वेळ छापली गेली. बॅटरी गेली का विचारत होते.

बॅटरी नाही. फरक नेमका साडेपाच तासांचा आहे. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं. विंडोज नेटवर असतं तर थोड्या वेळाने स्वतः दुरुस्त झालं असतं. आपण ते नेटपासून तोडलेलं आहे. शनिवारी करते म्हटलं, तोवर चलन उबुंटूत काढा.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हार्ड डिस्क काढली. यूएसबी केसमध्ये घातली, वर तारीख आणि 'फक्त वाचण्यासाठी' अशी चिठ्ठी लावली.

लॅपटॉप चालू झाला, ग्रब आलं. बंद केला, चालू केला, पुन्हा ग्रब. विंडोजमध्ये जाऊन तिथून रीस्टार्ट केला, तरी ग्रब. फर्मवेअरला वर आणायला आता ते जुनं नाव सापडत नाही. मग यादीतली मेलेली नावं क्रमांक देऊन पुसली: हार्ड डिस्कवरचं विंडोज, डेबियन, आणि हार्ड डिस्ककडे बोट दाखवणारं जे जे उरलं होतं ते. पुसताना क्रमांक फोटोंशी ताडून बघितले. नेटवर्कची नोंद ठेवली, फक्त शेवटी नेली.

घड्याळ. दोन मार्ग आहेत: विंडोजच्या रजिस्ट्रीत घड्याळ जागतिक वेळेचं आहे असं सांगणं, किंवा टाइमडेटसीटीएलने उबुंटूला स्थानिक वेळ पाळायला लावणं. जाणकार पहिला मार्ग सुचवतात आणि दुसरा घेतला तर उबुंटू स्वतःच इशारा देतं. तो इशारा मुख्यतः उन्हाळी-हिवाळी वेळ बदलणाऱ्या देशांसाठी आहे, आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच. माझ्या मते इथे दुसराच मार्ग योग्य, कारण या दोघांत पुन्हा टाकलं जाण्याची शक्यता विंडोजची जास्त, आणि रजिस्ट्रीतली सेटिंग त्याच्याबरोबर पुसली जाईल. तसं केलं. दोन्हीकडे वेळ जुळते.

आता मेनू. ओएस-प्रोबरने दिलेलं नाव 'विंडोज बूट मॅनेजर, डेव्ह-एनव्हीएमई-शून्य-एन-एक-पी-चार' अशा थाटाचं असतं. काकांनी हे रोज सकाळी वाचायचं? एटसी-ग्रब-डी मधल्या ४०-कस्टम फाइलीत स्वतःची नोंद लिहिली. ईएफआय विभाग त्याच्या छोट्या क्रमांकाने शोधायचा, ७सी३ए-१एफ०४, आणि तिथली विंडोजची फाइल चेनलोडरने (एका बूट फाइलीतून दुसरी उघडणाऱ्या आज्ञेने) उघडायची. नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'डीटीपी'. उबुंटूच्या नोंदीचं नाव 'मेल'. त्यानंतर ओएस-प्रोबर परत बंद केला. आता शोधाशोधीची गरज नाही, आणि कधी पेनड्राइव्ह लावलेला असताना अपडेट आलं तर मेनूत भलतं नाव घुसणार नाही.

मेनू लपलेला राहत होता, तो दिसता केला, १५ सेकंद. शेवटी जे निवडलं तेच पुढच्या वेळी आधी उजळलेलं असेल अशी सेटिंग केली, कारण पत्रिकांच्या दिवसांत काका आठवडाभर डीटीपीतच असतात.

एक गोष्ट मी काकांनी सांगेपर्यंत पाहिली नव्हती: मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना ग्रबची अक्षरं वाचवत नाहीत, फार बारीक आहेत. मोठा फॉण्ट करून द्यावा तर सिक्युअर बूट चालू असताना ग्रब बाहेरचा, सही नसलेला फॉण्ट घेत नाही. म्हणून मेनूचं रिझोल्यूशनच ८०० बाय ६०० वर आणलं. अक्षरं जवळपास दुप्पट दिसतात. काकांनी चष्मा काढून हातभर अंतरावरून वाचून दाखवलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

आठवडाभर वापरून झालं. काकू आता स्वतः 'मेल' निवडून मजकूर उतरवतात, काका 'डीटीपी'त जुळणी करतात. एकदा उबुंटूच्या कर्नलची अपडेट आली, मेनू तसाच राहिला. 'काम' फोल्डरात उबुंटूतून टाकलेली फाइल विंडोजमध्ये लगेच दिसते.

आज करून ठेवलेलं: ईएफआय विभागाची पूर्ण प्रत, एफएसटॅब, ग्रबची सेटिंग, ४०-कस्टम आणि ईएफआयबूटएमजीआरची आजची यादी एका पेनड्राइव्हवर. त्याच पेनड्राइव्हवर लाइव्ह उबुंटू. तो लॅपटॉपच्या बॅगेत, आतल्या कप्प्यात.

बॅगेतच एक छापील कागद, दुरुस्ती करणाऱ्यासाठी, काकांनी स्वतः जुळवलेला, मोठ्या टायपात:

"या लॅपटॉपवर दोन सिस्टिम आहेत. विंडोज पुन्हा टाकल्यास एसएसडीचा ५१२ एमबीचा ईएफआय विभाग फॉरमॅट करू नये. दुसरी डिस्क जोडलेली असल्यास इन्स्टॉल करण्यापूर्वी काढावी. विंडोज टाकल्यावर मेनू न आल्यास एफ-१२ दाबून उबुंटू निवडावे. सिक्युअर बूट बंद करू नये. फास्ट स्टार्टअप चालू करू नये."

राहिलेलं काम: यूएसबी केसमधल्या जुन्या हार्ड डिस्कवर काकांच्या २००३ ते २००८ च्या फाइलींचं एक फोल्डर आहे, आठ तारखेच्या कॉपीत ते आलं आहे, पण त्यातल्या काही फाइली उघडताना फॉण्ट बदलून मागतात. त्या मूळ डिस्कवरही तशाच आहेत का ते बघायचं, मगच ती डिस्क निकालात काढायची. शिवाय 'काम' फोल्डरची दर शनिवारची कॉपी बाहेरच्या डिस्कवर आपोआप जाईल अशी सोय उबुंटूत करायची आहे. काकांना डिसेंबरचा दुसरा आठवडा सोयीचा आहे, त्याआधी पत्रिकांतून मान वर काढता येणार नाही म्हणाले.